चाकाविना घडलेली मडकी: प्वेब्लो मातीकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे असतात आणि सांता फेची एक फेरी ठरलेली असते. तिथे काळंभोर, आरशासारखं चकाकणारं मडकं दिसलं की पहिला प्रश्न किमतीचा येतो. किंमत कळली की क्षणभर शांतता, आणि मग बाकीच्या प्रश्नांची रांग. तीच उत्तरं दरवेळी गाडी चालवता चालवता देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी. मी मातीकाम करत नाही आणि प्वेब्लोही नाही. बघतो, विचारतो आणि अधूनमधून खिसा हलका करून घेतो, एवढीच माझी पात्रता.

प्वेब्लो म्हणजे नेमकं कोण?

'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द. अर्थ साधा, गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक इकडे आले तेव्हा त्यांना माती-दगडाची मजली घरं बांधून, मका पिकवून एका जागी राहणारे लोक भेटले. त्यांनी गावालाही तेच नाव दिलं आणि माणसांनाही. आज न्यू मेक्सिकोत असे १९ प्वेब्लो आहेत. शेजारच्या ॲरिझोनातले होपी आणि टेक्ससमधलं इस्लेता देल सुर हेही त्याच गोतावळ्यातले. पण सगळे एकच, असं समजू नका. केरेस, तेवा, तिवा, तोवा, झुनी, होपी अशा भाषा वेगळ्या, आणि झुनी भाषेचं तर दुसऱ्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही.

मडकीही गावागणिक बदलतात, कारण पायाखालची माती बदलते. आकोमाची भांडी पांढरी, पातळ आणि त्यांवर केसाएवढ्या बारीक काळ्या रेघा. होपींची मधासारखी पिवळी-नारिंगी. झुनींच्या मडक्यावर हरीण असेल तर त्याच्या तोंडापासून काळजापर्यंत एक बाण काढलेला असतो. ताओस आणि पिकुरीसच्या भांड्यांत अभ्रक चमचमतं. सांता क्लारा आणि सान इल्देफोन्सो ही शेजारगावं काळ्या आणि लाल घोटीव भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

चाक न वापरता इतकं गोल कसं येतं?

हा माझा लाडका प्रश्न, कारण विचारणारा प्रत्येक जण मडक्याला फिरवून कुठेतरी वाकडेपणा शोधत असतो.

युरोपीय लोक येण्याआधी अमेरिका खंडांत कुंभाराचं चाक नव्हतंच. पुढे ते आलं, पण प्वेब्लो घरांनी ते घेतलं नाही. पद्धत अशी: बशीसारख्या एका उथळ साच्यात, ज्याला पुकी म्हणतात, मातीची पोळी दाबून बूड करायचं. मग कडबोळ्यासाठी वळतो तशी मातीची लांब वळी हातावर वळायची, काठावर बसवायची, चिमटीने जोडायची. त्यावर दुसरी. भिंत वर चढत जाते तशी भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडायची. एका दमात सगळं चढवलं तर स्वतःच्याच वजनाने खाली बसतं, म्हणून मध्ये थांबून माती थोडी सुकू द्यायची. मडकं फिरत नाही. पुकी थोडी थोडी फिरवली जाते, नाहीतर घडवणारी स्वतः मडक्याभोवती फिरते.

सुकल्यावर घासून गुळगुळीत करायचं आणि त्यावर पातळ मातीचा लेप. लेप ओला असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायला सुरुवात होते. एकदा हात लावला की तो भाग पुरा होईपर्यंत सोडता येत नाही. मध्येच लेप वाळला तर सगळा काढून पुन्हा पहिल्यापासून. हे गोटे आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे येतात. दागिने वाटून घेताना होतात तसे रुसवेफुगवे गोट्यांवरून होत असतील का, असं माझ्या आईने एकदा विचारलं होतं. उत्तर मला माहीत नाही, पण शंका रास्त होती.

माती विकत मिळते का?

कुठलीही माती दुकानात मिळते. ही मात्र गावाच्या हद्दीतली, घराण्याला ठाऊक असलेल्या जागेवरून खणून आणलेली असते. ती जागा सहसा सांगितली जात नाही. खणण्याआधी मातीची परवानगी मागतात, मक्याचं पीठ वाहतात. माती ही त्यांच्यासाठी जिवंत आई आहे. मग भिजवणं, गाळणं, वाळवणं, आणि भाजताना तडकू नये म्हणून काहीतरी भर घालणं. आपल्याकडे कुंभार राख-लीद घालतात तशी. सांता क्लारा, सान इल्देफोन्सोकडे ज्वालामुखीची राख वापरतात. आकोमाला जुन्या मडक्यांच्या खापऱ्या कुटून घालतात, म्हणजे नव्या मडक्यात पूर्वजांच्या मडक्याचा अंश असतो. ताओस-पिकुरीसच्या मातीत अभ्रक निसर्गतःच आहे, तिला वेगळी भर लागत नाही.

काळा रंग कुठला?

रंग नाहीच. इथे बहुतेक पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. सांता क्लाराचं लाल मडकं आणि काळं मडकं एकाच मातीचं, एकाच लेपाचं असू शकतं. फरक पडतो तो शेवटच्या काही मिनिटांत.

भट्टी म्हणजे अंगणातला ढीग. मडकी लोखंडी जाळीवर ठेवतात, खाली ज्युनिपर झाडाच्या ढलप्या, भोवती पत्र्याचे तुकडे (जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेटाही चालतात) आणि त्यावर शेणाच्या गोवऱ्या. जाळ पेटतो, तापमान साधारण ६५० ते ७५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. हवा मिळत राहिली तर मातीतलं लोह लाल होतं, मडकं लाल निघतं. काळं हवं असेल तर जाळ भरात असताना घोड्याच्या सुक्या लिदीचा भुगा पाट्यापाट्यांनी ओतून आग गुदमरवायची. धूर कोंडतो, हवा तुटते, लोहाचं रूप पालटतं आणि कार्बन मातीच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो. विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत सापडणारी काळी-तांबडी भांडी ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. नातं काही नाही, पण रसायन तेच.

जास्त तापवलं तर घोटलेली चकाकी मरते. कमी तापवलं तर मडकं कच्चं. मातीत ओल राहिली असेल तर ढिगातून 'फट्' असा आवाज येतो आणि महिन्याचं काम संपतं.

मारिया मार्तिनेझ कोण होत्या? सगळीकडे त्यांचंच नाव का?

सान इल्देफोन्सोच्या मारिया (सुमारे १८८७–१९८०) आणि त्यांचे पती हुलियन (१८७९–१९४३). १९०४ साली, नुकतंच लग्न झालेलं असताना, दोघं सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात गेले आणि लोकांसमोर काम करून दाखवलं. पुढे एडगर हेवेट या पुरातत्त्वज्ञाने गावाजवळच्या पहारितो पठारावर उत्खनन सुरू केलं, हुलियन तिथे मजुरीला होते. सापडलेल्या खापऱ्या दाखवून हेवेटनी मारियांना विचारलं: अशी भांडी करून देता येतील का?

जुनं पुन्हा घडवायची ही खटपट चालू असताना १९१९च्या सुमारास जे हाती आलं ते जुनं नव्हतंच. घोटलेल्या चकाकत्या काळ्यावर बिनचकाकीची काळी नक्षी! मडकं आधी पूर्ण घोटायचं, मग त्यावर पातळ मातीने नक्षी काढायची आणि धुरात भाजायचं. जिथे नक्षी तिथे चकाकी नाही, बस. नुसती काळी भांडी सांता क्लाराला आणि सान इल्देफोन्सोलाही आधीपासून होत होती, पण काळ्यावर काळं ही या जोडीची भर. आज 'पारंपरिक प्वेब्लो मडकं' म्हणून ज्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं, त्याचं वय जेमतेम शंभर वर्षं आहे.

घडवायच्या मारिया, नक्षी हुलियनची. शिंगं असलेला पाणसाप, अवान्यु, मडक्याच्या पोटाभोवती वेटोळं घालून आला तो त्यांच्या हातून, आणि पिसांची गोलाकार नक्षी त्यांनी याच मुलखातल्या मिम्ब्रेस लोकांच्या हजार वर्षांपूर्वीच्या वाडग्यांवरून उचलली. हुलियन गेल्यावर सून सांताना आणि नंतर मुलगा पोपोवी दा यांनी नक्षीकाम केलं.

मला मात्र मारियांची दुसरीच गोष्ट थोर वाटते. त्यांनी ही रीत स्वतःजवळ ठेवली नाही, गावाला शिकवली. त्यांच्या सहीच्या मडक्याला जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर शेजारणी आपली मडकी घेऊन आल्या, आणि मारियांनी त्यांवरही सही करून दिली. संग्राहकांचं डोकं आजही त्यामुळे दुखतं. गावाची चूल पेटली.

ही कला किती जुनी आहे?

सुमारे दोन हजार वर्षं. एकच उदाहरण देतो. न्यू मेक्सिकोतल्याच चाको कॅन्यन या दरीत, प्वेब्लो बोनितो या प्रचंड प्राचीन वाड्यात उंच नळकांड्यासारखी मडकी सापडली. ती कशाला, हे कुणाला कळेना. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांच्या खापऱ्यांत कोकोचे अंश मिळाले. कोको पिकतो तो इथून जवळजवळ दोन हजार किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या वाळवंटात चॉकलेट पीत होते, तेही खास त्यासाठी केलेल्या भांड्यांतून.

मग मध्ये ती बुडाली होती का?

बुडाली नाही, पण वाकली. १८८० मध्ये रेल्वे अल्बुकर्कपर्यंत आली. तिच्याबरोबर पत्र्याच्या बादल्या, एनॅमलची भांडी आली. पाण्याचं मडकं घडवायला कित्येक दिवस, बादली दुकानातून लगेच. दुसरीकडे, त्याच गाडीतून प्रवासी उतरू लागले आणि त्यांना हातात मावेल, बॅगेत बसेल असं काहीतरी हवं होतं. मोठे घडे मागे पडले, छोट्या चिजा वाढल्या.

याच काळात होपींच्या फर्स्ट मेसा या पठारावरच्या हानो गावात नाम्पेयो (सुमारे १८५९–१९४२) काम करत होत्या. आई तेवा, वडील होपी. जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावाच्या खापऱ्यांवरची जुनी नक्षी त्यांनी अभ्यासली. १८९५ साली जेसी वॉल्टर फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने तिथे खोदकाम केलं तेव्हा नाम्पेयोंचे पती लेसो तिथे कामाला होते, पण नाम्पेयोंनी जुन्या शैलीत काम त्याआधीच सुरू केलं होतं. उत्खननवाल्या साहेबांनी कला परत दिली, ही गोष्ट म्हणून मला पटत नाही. जुन्या नक्षीतले पंख, चोची आणि वळणं त्यांनी सोडवून घेतली आणि मनाप्रमाणे पुन्हा मांडली. पुढे दृष्टी गेली, तरी बोटांच्या स्पर्शावर त्या मडकी घडवत राहिल्या. रंगकाम मुली करायच्या. त्या घराण्यात आज पाचवी-सहावी पिढी काम करते आहे.

नक्षीचा अर्थ काय? विक्रेती सांगत का नाही?

काही अर्थ उघड आहेत. पायऱ्या म्हणजे ढग, तिरप्या रेघा म्हणजे पाऊस, अवान्यु म्हणजे वाहतं पाणी आणि त्याच्या जिभेची वीज. सांता क्लाराच्या मडक्यांवर अस्वलाचा पंजा दिसतो, कारण दुष्काळात पाणी कुठे आहे ते अस्वलाला कळलं, अशी तिथली कथा आहे. पावसाची वाट बघण्यात आयुष्य गेलेल्या मुलखाला मडक्यावर दुसरं काय सुचणार!

बाकी अर्थ घराण्याचे किंवा धर्माचे असतात आणि ते बाहेर सांगायचे नसतात. विचारायला हरकत नाही. ती हसली आणि गप्प राहिली, तर उत्तर मिळालं असं समजा.

यात पाणी भरता येतं का? भाजी शिजते का?

कमी आचेवर भाजलेली, घोटलेली भांडी पाणी झिरपू देतात. जुने पाण्याचे घडे आपल्या माठासारखेच त्या झिरपण्याने पाणी गार ठेवत. पण आजच्या काळ्या चकाकत्या मडक्यात पाणी घातलंत तर चकाकी कायमची गेली. अपवाद अभ्रकाच्या भांड्यांचा. ती थेट जाळावर चालतात आणि त्यांत शिजलेल्या घेवड्याची चव वेगळीच लागते, असं इथले लोक म्हणतात. मी खाल्लाय. खरं आहे.

तोंड उघडून गाणारी, अंगाखांद्यावर पोरं असलेली ती आजोबांची मूर्ती कसली?

ती स्टोरीटेलर, गोष्टी सांगणारा. कोचिती प्वेब्लोच्या हेलन कोर्देरो (१९१५–१९९४) यांची मडकी म्हणे वाकडी यायची, म्हणून त्या मूर्तींकडे वळल्या. मूल घेतलेली गाणारी आई हा कोचितीचा जुना प्रकार. १९६४ साली अलेक्झांडर जिरार्ड या लोककला-संग्राहकाने मोठी, जास्त मुलांची मूर्ती मागितली. हेलनना आठवले आपले आजोबा, सांतियागो किंताना, गोष्टी सांगणारे आणि भोवती नातवंडांचा गराडा. पहिल्या मूर्तीवर पाच मुलं होती. पुढे संख्या वाढत गेली आणि हा प्रकार बहुतेक प्वेब्लोंत पसरला.

हल्ली नवीन काय चाललंय?

इथे मी जरा लांबण लावणार, कारण पाहुणे नेमका हाच भाग 'हे काही पारंपरिक नाही' म्हणून पटकन ओलांडतात.

कोचितीचे व्हर्जिल ऑर्टीझ. एकोणिसाव्या शतकात कोचितीच्या लोकांनी बाहेरून आलेल्या व्यापारी, पाद्री, सर्कसवाल्यांची टर उडवणाऱ्या मातीच्या मूर्ती केल्या होत्या. व्हर्जिल त्यांचा वारसा चालवतात. १६८० साली पोपे यांच्या नेतृत्वाखाली बहुतेक प्वेब्लोंनी एकत्र उठून स्पॅनिशांना बारा वर्षं हुसकावून लावलं होतं. व्हर्जिल तोच उठाव २१८० सालात नेतात आणि भविष्यातले योद्धे घडवतात. कोचितीचेच दिएगो रोमेरो मिम्ब्रेस वाडग्यांच्या धाटणीत, पण कॉमिक्सच्या भाषेत आजची माणसं रंगवतात: दारू, जुगार, गाड्या, तुटलेली प्रेमं. सांता क्लाराच्या जेसन गार्सियांनी मातीच्या फरशांवर कॉमिक्सची मुखपृष्ठं काढली, त्यांत पोपे हाच महानायक. सांता क्लाराच्याच जोडी फोलवेल यांनी तर बऱ्याच आधी मडक्याचा काठ मुद्दाम वाकवून त्यावर राजकारण लिहिलं.

नोरा नारान्हो-मोर्स यांचं काम वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयाबाहेर २००७ पासून उभं आहे. कच्च्या मातीच्या आकृत्या, पावसाने झिजत जाण्यासाठीच केलेल्या. त्यांना 'जतन' करायचं नाही, हीच अट.

आणि रोझ बी. सिम्पसन (जन्म १९८३). आई रॉक्सॅन स्वेन्झेल नामांकित शिल्पकार. रोझनी कलेचं उच्च शिक्षण घेतलं आणि गाड्यांची दुरुस्तीही शिकल्या. १९८५ सालची एक शेवरोले एल कमिनो घेऊन त्यांनी ती काळ्यावर काळ्या नक्षीने रंगवली. गाडीचं नाव 'मारिया'. पहिल्यांदा फोटो पाहून मीही हसलो होतो. मग लक्षात आलं की गाडी खरोखर रस्त्यावर चालते, आणि मडकंही मुळात वापरायचीच वस्तू होती.

विजेच्या भट्टीत भाजलं तर ते पारंपरिक राहतं का?

यावर त्यांच्यातच वाद आहेत. आकोमाच्या पांढऱ्या भांड्यांवर उघड्या जाळात धुराचे डाग पडतात, त्यामुळे तिथे अनेक जण विजेची भट्टी वापरतात. दुसरे म्हणतात, आग अंगणातली नसेल तर मग काय राहिलं. आपण बाहेरच्यांनी न्यायाधीश व्हायचं कारण नाही. भाजलं कुठे हे विकणारीने खरं सांगावं, एवढी अपेक्षा पुरे.

इतकं महाग का?

माती खणण्यापासून भाजण्यापर्यंतचे आठवडे मोजा, फुटलेल्या मडक्यांची किंमत उरलेल्यांवर पडते हे धरा. नामांकित हातांच्या कामाला चित्राची किंमत येते. हजारो डॉलरच्या मडक्याशेजारी नवशिक्या नातीचा छोटा वाडगा परवडणाऱ्या दरात असतो. घासाघीस करू नका. आमच्या एका काकांनी केली होती, विक्रेतीने शांतपणे मडकं उचलून कापडात गुंडाळलं.

फसवणूक कशी टाळायची?

साच्यात ओतलेली, कारखान्यात भाजलेली कोरी भांडी विकत आणून त्यावर नुसती नक्षी रंगवून विकणं चालतं. आत बोट फिरवा. साच्यातलं मडकं आतून एकसारखं असतं, हाताच्या मडक्यात खरवडल्याच्या खुणा लागतात. थेट विचारा: माती कुणी आणली, वळ्यांचं आहे की साच्यातलं? प्रामाणिक विक्रेती सांगते. मूळ निवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं १९९०च्या संघराज्य कायद्याने गुन्हा आहे. व्यक्तीला पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सांता फेत पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी वाड्याच्या ओसरीवर बसणारे स्वतःचं किंवा घरच्यांचंच काम विकतात. १९२२ पासून चालत आलेला इंडियन मार्केट, म्हणजे मूळ निवासी कलाकारांचा बाजार, ऑगस्टमध्ये भरतो. तेव्हा हॉटेलं महाग होतात, लवकर ठरवा.

गावात जाऊन फोटो काढता येतील का?

विचारल्याशिवाय नाही. काही गावांत फी भरून परवानगी मिळते, काही ठिकाणी चित्र काढायलाही बंदी. सणाच्या नाचांत मोबाइल गाडीत ठेवा. आणि जमिनीवर दिसलेली नक्षीदार खापरी कितीही लहान असली तरी उचलू नका. सरकारी आणि गावांच्या जमिनींवर तो गुन्हा आहे. जुने मिम्ब्रेस वाडगे पुष्कळदा मृतांसोबत पुरलेले, तेही विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये.

घरी निगा कशी राखायची?

धुवायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही, तेल तर अजिबात नाही. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. काठाला धरून उचलू नका, दोन्ही हात बुडाखाली. उचलण्याआधी बोटांतल्या अंगठ्या काढा. विमानात सामानात टाकू नका, मांडीवर घेऊन बसा. माझ्या बहिणीने नेवार्क ते मुंबई असंच नेलं, आणि शेजारच्या आजींनी 'अस्थी आहेत का' म्हणून हळूच विचारलं.

आणि हातून फुटलंच तर?

तुकडे फेकू नका, बारीक कणसुद्धा एका डबीत ठेवा. जोडणारे तज्ज्ञ असतात. १९२२ साली सांता फेतल्या एका घरी जेवणाच्या वेळी झुनींचं एक जुनं मडकं असंच फुटलं होतं. हळहळणाऱ्या पाहुण्यांनी तिथेच ठरवलं की जुनी मडकी राज्याबाहेर जाण्याआधी जमवायची, आणि त्यातून एक निधी उभा राहिला. तो संग्रह आज सांता फेच्या स्कूल फॉर ॲडव्हान्स्ड रिसर्चकडे आहे. त्यातल्या मडक्यांचं 'ग्राउंडेड इन क्ले' हे प्रदर्शन २०२२ मध्ये सांता फेत आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडलं गेलं, तेव्हा निवड तज्ज्ञांनी केली नाही. प्वेब्लो समाजांतल्या साठाहून अधिक जणांनी आपापलं मडकं निवडलं आणि त्याच्याबद्दल स्वतःच लिहिलं. कुणी आजीच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं, कुणी पाणी आणायच्या वाटेबद्दल.